लाखाला नऊशे बहात्तर कमी

"आई, येत्या रविवारपासून मी दहापर्यंत झोपणार. तुझ्या प्रदक्षिणा आता मोबाइल मोजेल!"

प्रणितने ही घोषणा केली तेव्हा त्याच्या एका हातात पोह्यांची बशी होती, दुसऱ्या हातात मोबाइल होता, आणि चेहरा असा की जणू चंद्रावर यान उतरवून आत्ताच खांदा कॉलनीत परतलाय! बाबांनी पेपर जरासा खाली केला, मुलाकडे पाहिलं आणि पुन्हा वर केला. त्यांना या घराचा अनुभव दांडगा होता.

प्रणित बेलापूरच्या एका कंपनीत प्रोग्रामर. सोमवार ते शुक्रवार तो कॉम्प्युटरसमोर असा वाकून बसे की मागून पाहणाऱ्याला वाटावं, खुर्चीवर कोणी शर्ट वाळत घातलाय. त्यामुळे शनिवार-रविवार हे त्याचे खरे सणवार. शनिवारी गेम खेळायचे. रविवारी दहाला उठायचं, मिसळ खायची आणि अकराला मैदानावर टेनिस बॉलचं क्रिकेट. एवढंच त्याचं देवाकडे मागणं होतं.

पण देवाचं आणि त्याच्या आईचं वेगळंच ठरलेलं होतं.

दमयंतीबाईंनी कॉलनीतल्या दत्तमंदिराच्या औदुंबराला लाख प्रदक्षिणा बोलल्या होत्या. रोज सकाळी सात ते आठ, एकशे आठ. ऊन असो, ताप असो, नातेवाईक असोत, नेम म्हणजे नेम. ज्यांच्या घरी नेम आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. एक फेरा झाला की पारावरच्या वाटीत एक चिंचोका टाकायचा. आठवडाभर हे ठीक चाले. रविवारी मात्र मंदिरात बायकांची गर्दी. एखादी विचारी, "दमयंतीताई, सुनेचं काही बघताय का?" दमयंतीबाईंना कुणाला तुटक उत्तर देणं जमत नसे. बोलता बोलता चिंचोका टाकला की नाही ते आठवेना, आणि मग बाई पुन्हा एकपासून सुरुवात करत! म्हणून रविवारी सकाळी साडेसहाला प्रणितला उठवून पारावर बसवलं जाई. काम एकच, चिंचोके टाकायचे. इंजिनियरिंगची पदवी आणि हातात चिंचोके!

"पण लाख कशाला बोललीस गं?" तो एकदा चिडून म्हणाला होता.

"तुझ्या एम-थ्रीसाठी." एम-थ्री म्हणजे त्याचा गणिताचा पेपर. दोनदा राहिला होता.

"अगं, दहा हजारांतही सुटलो असतो!"

"तुझी उत्तरपत्रिका बघून बोलले होते रे," आई हळूच म्हणाली.



तर प्रणितने शेवटी अॅप बनवलं. मोबाइलमध्ये दिशा ओळखणारं होकायंत्र असतंच. मोबाइल घेतलेला माणूस पूर्ण गोल फिरला की अॅप एक आकडा वाढवणार. फेऱ्याला घंटी, एकशे आठ झाल्या की शंख! आजवर झालेल्या फेऱ्यांचा आकडा त्याने आईला विचारून आधीच त्यात भरून टाकला. चाचणीसाठी त्याने ऑफिसातला मित्र रोनेनला पकडलं. रोनेन पनवेलचाच, तिथल्या जुन्या मराठी ज्यू घराण्यातला, कंपनीत टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून काढायचा पगार घेणारा माणूस. दोघं चाकाच्या खुर्च्यांवर बसून गरागरा फिरले. टिंग, टिंग, टिंग! साहेब दारात येऊन उभे राहिले तेव्हा आकडा चोपन्नवर होता.

"हे काय चाललंय?"

"सर, टेस्टिंग," दोघं एकदम म्हणाले. ते खोटंही नव्हतं.

साहेब गेल्यावर रोनेन म्हणाला, "मोजतंय बरोबर. पण माणूस कशाभोवती फिरतोय हे त्याला कुठे कळतंय? मी खुर्चीत फिरलो, खुर्ची काय देव आहे?"

"अरे, आई देवळात जाणार आणि देवळातच फिरणार! आणखी कुठे गोल फिरणार ती?"

ते वाक्य आठवून आठवून प्रणितने नंतर महिनाभर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

पहिल्याच रविवारी आईच्या कमरेच्या बटव्यात तिचा मोबाइल गेला. प्रणित झोपला. तिकडे ऐन आरतीत, 'जय देव जय देव' म्हणून सगळे टाळ्या वाजवत असताना दमयंतीबाईंच्या कमरेतून शंख फुंकला गेला! शेजारच्या कुमुदकाकूंच्या हातातलं निरांजन हललं. पुजारी काशीराम तिथल्याच गावचा, बोलायला रोखठोक.

"वयनी, ह्यो शंख कुठं वाजला?"

"माझ्या बटव्यात," दमयंतीबाई लाजून म्हणाल्या.

"आरतीला शंख आमी फुकणार. ह्याला सांगा, गप ऱ्हा."

त्या दिवशी प्रणितने घंटी आणि शंख दोन्ही बंद करून टाकले. आता अॅप मुकाट्याने मोजू लागलं. "देवळातून आलीस की हे बटण दाबून बंद कर," असं त्याने आईला शिकवलंही. आईने मान हलवली. पण तिने ते बटण कधीच दाबलं नाही. देवाचं मोजणं चालू असताना ते आपल्या हाताने बंद कसं करायचं? तिला ते बरं वाटेना. बटवा आपला दिवसभर कमरेलाच.

सत्तावीस दिवसांनी, दसरा होऊन दोनच दिवस झाले होते, मोबाइलवर आकडा आला: एक लाख!

दमयंतीबाईंचे डोळे भरून आले. मग जरा विचारात पडल्या. "अरे, माझ्या हिशेबाने अजून नऊ दिवसांच्या राहिल्या होत्या."

"तूच मध्ये कुठेतरी चुकली असशील. मशीन चुकत नाही, आई!"

झालं! उद्यापन ठरलं, पुढच्या आठवड्यातल्या रविवारी. अकरा मेहुणं जेवायला. म्हणजे अकरा जोडपी. कर्जतची मावशी, खारघरचे मामा, कुमुदकाकू आणि काका. काशीरामने मंदिराच्या फळ्यावर खडूने लिहिलंदेखील: 'सौ. दमयंतीताई यांच्या लक्ष प्रदक्षिणा पूर्ण. सर्वांनी दर्शनास यावे.'

इथवर आल्यावर गप्प बसावं की नाही! पण प्रणितला हौस. उद्यापनाच्या दिवशी देवळात आईच्या प्रदक्षिणांचा मोठा रंगीत आलेख लावायचा. लोकांनी विचारायचं, हे कोणी केलं? शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो दुपारीच अॅपमधली सगळी नोंद उघडून बसला. सकाळी सातच्या आधी चार. सात ते आठ, छान उभी रेघ. मग नऊच्या सुमाराला चार. दुपारी आणखी चार. संध्याकाळी पुन्हा चार. आणि नवरात्रातल्या रोज संध्याकाळी साठ-साठचे मनोरे!

"आई, नवरात्रात संध्याकाळी पाच ते सहा काय करत होतीस?"

"भोंडला नव्हता का! नऊ दिवस, नऊ घरी. कुमुदच्या हॉलमध्ये तर किती मजा आली."

पाटावर हत्ती मांडलेला. भोवती फेर धरलेला. कमरेला बटवा. मशीनने हत्तीला घातलेली प्रत्येक फेरी दत्ताच्या खात्यावर जमा केली होती!

"आणि हे चार-चार?"

तेही लगेच उमगलं. लिफ्ट महिन्यापासून बंद. जिना प्रत्येक मजल्याला एक पूर्ण वळसा घेतो. चौथ्या मजल्यावरून उतरलं की चार प्रदक्षिणा, चढलं की चार! दिवसातून दोन वेळा खाली-वर म्हणजे सोळा. प्रणितने बेरीज केली. जिन्याच्या चारशे बत्तीस, हत्तीच्या पाचशे चाळीस. एकूण नऊशे बहात्तर. बरोब्बर नऊ दिवसांचा नेम!

त्याने रोनेनला फोन लावला. "कुणाला कळणार आहे? गप्प बसू का?"

"मी टेस्टर आहे," रोनेन म्हणाला. "चूक सापडली की सांगायची असते. आणि हा ग्राहक साधा नाही बाबा, तुझा दत्त आहे."

प्रणितने आईला सांगितलं. दमयंतीबाई उद्यापनासाठी वाती वळत होत्या. हात थांबले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या इतकंच म्हणाल्या, "म्हणजे मी देवाला खोटं सांगितलं?" आणि उठून देवघरासमोर जाऊन बसल्या. अडीच वर्षांचा नेम, तोही त्याच्याच पेपरासाठी बोललेला. 

उद्यापन पुढे ढकलावं तर पाहुणे निघालेले. तसंच उरकावं तर आईचा जीव त्यात लागणार नाही. त्याच संध्याकाळी तो मंदिरात काशीरामकडे गेला. काशीरामने सगळं शांतपणे ऐकलं.

"हत्तीला घातलंस?"

"मी नाही, आईने. म्हणजे मोबाइलने."

"हां. मंग आता तू घाल. आईच्या नावानं पोराने घातल्या तरी चालतात. पण अनवाणी, आन् उद्याच्या उद्या. परवा उद्यापन हाय."

शनिवारी पहाटे सहाला प्रणित औदुंबराजवळ हजर! क्रिकेटच्या आधी मैदानाला फेऱ्या मारायची सवय, त्यामुळे तो सुसाट सुटला. मोजायला कुमुदकाकूंना आईने गळ घातली होती, त्या सातला येणार होत्या. तोवर त्याने स्वतःच मनात मोजून दोनशे फेऱ्या मारल्या. घाम गाळत, अभिमानाने. सातला काशीराम फुलांची परडी घेऊन आला आणि जागच्या जागी थबकला.

"आरं, उलटा का फिरतोस?"

"उलटा?"

"देव उजव्या हाताला ठेवायचा असतो! तुला कुणी शिकवलं नाय?"

मैदानावर सगळे डावीकडे वळतच धावतात, तोही तसाच धावला होता. मागून कुमुदकाकू आल्या, जपमाळ सरसावून. "म्हणजे या दोनशे वजा करायच्या का रे काशीराम?"

"वजा?" प्रणित किंचाळला. "मग अकराशे बहात्तर होतील!"

"वजा नाय, धरायच्याच नाय," काशीरामने निकाल दिला. "पैल्यापासून."

जपमाळेचे एकशे आठ मणी, अशा नऊ माळा. कुमुदकाकू क्रिकेटच्या पंचापेक्षा कडक निघाल्या. "कोपरा कापलास, हा धरत नाही." "मोबाइल बघत चाललास, हाही नाही." "आत्ता शिंकलास!"

"शिंकण्याने काय होतं, काकू?"

"मी मणी विसरले."

नऊच्या सुमाराला, तीन माळा झाल्यावर, सिनेगॉगमधून, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरातून, शनिवारची प्रार्थना करून रोनेन आला. पारासमोरच्या बाकावर पांढरी टोपी नीट करून बसला.

"मदत कर ना," प्रणित धापा टाकत म्हणाला. "काकूंच्या बरोबरीने मोज तरी."

"आमच्याकडे शनिवारी काम करत नाहीत. मोजणं हे काम आहे."

"मग आलास कशाला?"

"बघायला. बघणं हे काम नाही."

पाचव्या माळेला खडे टोचू लागले. सातव्या माळेला पाय आपले आहेत की शेजाऱ्याचे, ते कळेना. आठव्या माळेत दमयंतीबाई हातात ताकाचा तांब्या घेऊन आल्या.  पदर खोचला, आणि मुलाच्या मागे मागे हळूच चालू लागल्या. दुपारी साडेबाराला कुमुदकाकूंनी शेवटचा मणी ओढला आणि प्रणित पारावर असा आडवा झाला की काशीरामने त्याच्यावर चुकून तीर्थ शिंपडलं.

रविवारी उद्यापन थाटात झालं. जेवणं उरकल्यावर दमयंतीबाई उभ्या राहिल्या. खोटेपणा त्यांना एक रात्रही सोसला नसता. त्यांनी सगळ्यांसमोर, नेहमीच्या हळू आवाजात, जिना सांगितला, भोंडला सांगितला, हत्ती सांगितला. मामा इतके हसले की त्यांना उचकी लागली. पण "माझ्या मुलाने माझा नेम पुरा केला," असं म्हणताना त्यांचा आवाज जरा भरला, आणि प्रणितला वाटलं, चला, पाय गेले तरी चालतील!

संध्याकाळी तो गॅलरीत बसला होता, मिठाच्या कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून. आई येऊन शेजारी टेकली.

"प्रणित, कुमुदचा मुलगा कॅनडात असतो ना..."

"हं."

"तिचे गुडघे फार दुखतात रे. तिच्या सव्वा लाखातल्या एक्केचाळीस हजार राहिल्यात. काशीरामभाऊ म्हणाले, मानलेला मुलगाही चालतो. तिने इतक्या मायेने विचारलं, मला नाही म्हणवेना. दर रविवारी फक्त, सहापासून."

प्रणितने ओल्या हाताने मोबाइल उचलला आणि थेट साहेबांना फोन लावला. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच, आपण होऊन!

"सर, रविवारी ऑफिसात काम असेल तर मी येईन. पुढच्या रविवारी. त्याच्या पुढच्याही. सगळ्याच, सर!"

 साहेब फार मायेने बोलले. फोन ठेवून प्रणित बादलीतल्या सुजलेल्या पायांकडे बघत बसला.

"काय म्हणाले रे साहेब?" आईने विचारलं.

"म्हणाले, सुट्टी आहे. घरी राहा, आई सांगेल ते ऐक."