नागनाथरावांची काळी पट्टी

परवा नागनाथरावांची काळी पट्टी मी गुडघ्यावर घेऊन वाकवली आणि ती कट्‌कन मोडली. चूक माझीच, सवय मात्र त्यांची.

नागनाथराव म्हणजे मुरुम गावातले आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी, तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. हाती येईल ती वस्तू आधी वाकवून बघायची, हा त्यांचा बाणा. "मोडल्याबिगर गुण कळत न्हाय!" माझी नवी छत्री त्यांनी अशीच पारखली होती. "बघा, हितंच मोडणार होती," म्हणत दोन तुकडे परत केले.

हल्ली त्यांना कार्बनच्या नळ्यांचं वेड. "केसाहून हजारो पटीनं बारीक. दिसत न्हायत, पर लई चिवट!" जुन्या विद्यार्थ्यानं दिलेली त्या नळ्यांची चिमूटभर पूड तोंडाला फडकं बांधून रेझिनच्या चिकट द्रवात घोटायची, ते कार्बनच्या कापडाला थरावर थर लावायचं आणि पट्टी गच्चीत वाळत ठेवायची. "नागनाथराव हवा घोटतात," असं मी गल्लीभर सांगत असे. लोक हसत. मला बरं वाटे.

त्या दिवशी गच्चीत चार शेजारी जमले होते. मी पट्टी उचलली, त्यांच्यासारखा नाकात बोललो, "मोडल्याबिगर..." आणि ती मोडलीच. मागं वळलो, तर जिन्यात नागनाथराव.

रागावले नाहीत. तुकडे उन्हात धरून बघत राहिले.

"गुठळ्या राहिल्या हो. पिठल्यात राहतात तशा. नळ्या नीट पसरल्या न्हाईत, की थर तिथंच सुटतो."

"चुकलं माझं, नागनाथराव."

"न्हाय न्हाय, बरं झालं. उद्या हिच्या पायाला बांधणार होतो."

त्यांच्या पत्नी शांतावैनींना लहानपणी पोलिओ झालेला, हे मला ठाऊक होतं. त्या खाली का दिसत नाहीत, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

"पायाला बांधायच्या लोखंडी कॅलिपरचं वजन आता सोसंना तिला. दोन वर्षं झाली, जिना उतरली न्हाय. ही जिन्यात मोडली असती तर?" त्यांनी तुकडे खिशात घातले. "पूड तेवढी संपली. बघू, पुन्हा मागतो."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. शेवटी, जरा धीर करून, "बरं झालं मोडली, असं तेच म्हणाले," हेही जोडलं.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते म्हणणारच. पर वैनी पडू नयेत म्हणून तुम्ही ती मोडली का? चार माणसं हसावीत म्हणून मोडली."