पंपाची किल्ली आणि माझा प्रोग्रॅम

आमच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपाची किल्ली यांच्याकडे असते. रिटायर झाल्यावर यांना मिळालेलं हे एकमेव पद, आणि हे ते मंत्रिपदासारखं सांभाळतात. पंप चालू करायचा, गच्चीवरची टाकी भरली की बंद करायचा. पहिलं काम यांना उत्तम जमतं. दुसऱ्याची वाट बघताना डुलकी लागते. मग टाकी वाहते, पाणी खालच्या बाल्कनीत उतरतं आणि त्या बाल्कनीचे मालक, म्हणजे आमचे सेक्रेटरी, वर येतात. मागच्या खेपेला त्यांनी थंडपणे सांगितलं, की आता एकदा जरी टाकी वाहिली तर किल्ली वॉचमनकडे जाईल. त्या दिवशी हे धड जेवले नाहीत. किल्ली मुठीत धरून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला ते बघवेना. म्हटलं, पंप चालवणारा प्रोग्रॅम आपणच लिहावा.

हसू नका. (हसलात तरी मी लिहायची थांबत नाही.) शाळा माझी लवकर सुटली, पण शिकायला मला कधी मास्तर लागला नाही. सूनबाई प्रोग्रॅमर आहे. तिने हे काम चहा निवायच्या आत केलं असतं, पण मी तिच्याकडून फक्त एक छोटा बोर्ड, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, मागून घेतला. तो वायरमनने पंपाला आणि टाकी भरल्याचं कळवणाऱ्या तरंगत्या गोळ्याला जोडून दिला. पुढचं माझं.

या प्रोग्रॅमिंगच्या भाषांचं लोकांनी उगीच स्तोम माजवलंय. यंत्राला मुळात दोनच गोष्टी कळतात: वीज आहे आणि वीज नाही. (माझ्या सासूबाईंना एकच कळायची, ‘नाही’. तरी घर चाललं.) त्या तळाच्या भाषेत बोलायचं तर तान्ह्या पोराला सांगावं तसं सांगावं लागतं: पाय उचल, पुढे टाक, आता दुसरा. वरच्या भाषा शहाण्या असतात, ‘फिरून ये’ म्हटलं की पुरतं. आणि काही भाषांत तर नुसतं काय हवं ते सांगायचं, कसं करायचं ते यंत्राने बघायचं. ही भाषा मी लग्नापासून घरात बोलत आलेय. समोरचं यंत्र जरा जुनं आहे, एवढंच.

सूनबाईने मला कंपायलर असलेली भाषा घे म्हणून सुचवलं होतं. हा कंपायलर तुमचं सगळं लिखाण आधी वाचतो, सगळंच्या सगळं यंत्राच्या भाषेत उतरवतो, आणि त्यात कुठे खोट दिसली तर काही सुरूच होऊ देत नाही. मी चार ओळी लिहून दिल्या, तर त्याने पानभर चुका काढल्या. माझ्या चुका काढणारी माणसं या घरात टिकली नाहीत, तिथे हा कोण लागून गेला? मी दुसरी भाषा धरली. तिच्यात इंटरप्रिटर असतो. तो एक ओळ घेतो, करतो, मग पुढची घेतो. उलट बोलणं नाही, शंका नाही. अगदी यांच्यासारखा. मला वाटलं, असल्यांशी माझं जमतं.

लिहिलं झोकात. टाकी रिकामी असेल तर पंप चालू कर. टाकी भरली की ‘पंप बंद करायचं काम’ कर. ते काम नेमकं कसं करायचं, हे खाली वेगळं लिहायचं होतं. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं. दूध पुसलं, ओटा पुसला, आणि येऊन सरळ प्रोग्रॅमच चालू केला. पंप आपोआप घुरघुरला. मी स्वतःलाच शाबासकी दिली आणि यांना हुकूम सोडला, की आज उशी घेऊन, पांघरूण घेऊन राजरोस झोपा.

हे आज्ञाधारकपणे झोपले.

इंटरप्रिटरही आज्ञाधारकच. टाकी भरली, तो त्या ओळीपर्यंत आला, सांगितलेलं काम कुठे लिहिलंय ते शोधलं, कुठेच सापडलं नाही, आणि तिथेच आडवा झाला. पंप चालूच. नेमक्या त्याच दिवशी सेक्रेटरींनी बाल्कनीत गाद्या वाळत घातल्या होत्या.

त्यांची हाक ऐकून हे पांघरुणासकट उठले आणि अनवाणी जिना उतरून पंप बंद करून आले. वर येईपर्यंत सेक्रेटरी आमच्या दारात हात पुढे करून उभे. यांनी किल्ली काढली. तसाच यांचा हात मी धरला.

“ती राहू द्या,” मी म्हटलं. “यांनी काही केलेलं नाही. टाकी मी वाहवलीय.”

यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तसं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

सेक्रेटरींनी प्रोग्रॅम सुधारायला आठवड्याची मुदत दिली, ओल्या गाद्यांची आठवण करून देत. संध्याकाळी सूनबाईने माझं लिखाण वाचलं आणि हसू दाबलं.

“आई, इंटरप्रिटरला वाईट बातमी ती ओळ आल्यावरच कळते. कंपायलरने आधीच विचारलं असतं, की हे काम कुठेय?”

“मग आधी नाही का सांगायचं?”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तो फार बोलतो.”

मी मुकाट्याने कंपायलरकडे गेले. त्याने मला सळो की पळो केलं. मीही सोडलं नाही. तो चूक दाखवायचा, मी त्याला दोन शब्द सुनावायचे, चूक सुधारायचे, तो पुढची दाखवायचा. शेवटी तो गप्प झाला. (कंपायलर गप्प बसला म्हणजे शाबासकी समजायची. तसला एक नवरा माझ्याकडे आहेच.) सूनबाईने सगळं वाचून एक ओळ स्वतःच्या ऑफिसच्या कामासाठी मागून घेतली. तो आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

मुदत संपली त्या दिवशी सेक्रेटरी स्वतः गच्चीवर टाकीशी उभे राहिले. पाणी काठाशी आलं आणि पंप खटकन बंद झाला. त्यांनी वाकून पाहिलं, मान डोलावली, आणि किल्ली यांच्याकडेच राहील असं जाहीर केलं. यांची मान ताठ झाली. माझी आधीपासूनच होती.

“फक्त एक करायचं, काका,” जिना उतरताना सेक्रेटरी यांना म्हणाले. “टाकी भरत असताना तुम्ही खुशाल झोपा. पण काकू कॉम्प्युटरसमोर बसल्या, की जागं राहायचं.”