भेकराचा लेप

एका जंगलात औषधाचं दुकान नव्हतं. त्यामुळे तिथे प्रत्येकाला औषध माहीत होतं.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, दुकान नसेल तर निदान वैद्य असेल. होता. जुन्या झाडाच्या ढोलीत एक घुबड राहायचं, ते वैद्यकी शिकलेलं होतं. पण त्याच्याकडे गर्दी नसायची. ते रोग्याला फार थोडं सांगायचं. थोडं सांगणाऱ्यावर जंगलाचा विश्वास बसत नाही.

त्याच जंगलात एक भेकर राहत होतं. पळण्यात चपळ, पण स्वभावानं भिडस्त. वाघापासून सुटायला त्याला वेळ लागत नसे. शेजाऱ्यापासून सुटायला मात्र अर्धा दिवस जायचा.

एकदा करवंदं खाण्याच्या नादात भेकर खाजकुइलीच्या वेलात शिरलं. या वेलाच्या शेंगांवर बारीक लव असते. ती अंगाला लागली की काय होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांनी सुखानं राहावं. घरी येईपर्यंत भेकराच्या मानेवर, पाठीवर, पोटावर लाल गांधी उठल्या. ते झाडाला पाठ घासू लागलं. पाठ झाली की मान. मान झाली की पुन्हा पाठ.

यात एक धोका होता. खाजवणाऱ्याला दुसरं काही ऐकू येत नाही. आणि भेकराला वाघ ऐकू आला नाही तर त्याची गोष्ट फार लहान होते.

“असे घासत बसू नका,” त्याची बायको भेकरी म्हणाली. “वैद्यांकडे जाऊन या.”

घुबडानं एक डोळा उघडून पाहिलं.

“खाजकुइली आहे. नदीच्या वाहत्या पाण्यात बस. खाजवू नकोस. काही लावू नकोस.”

“आणि?”

“आणि काही नाही,” असं म्हणून घुबडानं डोळा मिटला.

भेकर परत आलं, तोवर वानरमावशी येऊन बसल्या होत्या. मावशींना कोणाच्या घरी दुखणं आलं की आधी कळायचं. पुष्कळदा दुखणाऱ्याच्याही आधी.

“काय दिलं त्या घुबडानं?”

“पाणी सांगितलंय.”

“पाणी? ते तर आपल्याच नदीत आहे. मग एवढं शिकून उपयोग काय झाला? हे बघ भेकरा, लिंबू. आमच्या आजीनं जन्मभर लिंबूच लावलं.”

“चुरचुरेल ना, मावशी?”

“चुरचुरलं म्हणजे समजायचं, लागू पडतंय.”

मावशींनी लिंबू पिळलं. भेकर जागच्या जागी उडालं. मावशींनी समाधानानं मान हलवली.

मग समाचाराला रानडुक्कर आलं. त्याचं आयुष्य जमीन उकरण्यात गेलेलं, त्यामुळे सगळे रोग कंदमुळांनी बरे होतात असं त्याचं मत होतं. त्यानं आंबेहळद आणि आलं ठेचून आणलं होतं.

“लाव. जमिनीतलं आहे, अपाय तर काही नाही.”

रानम्हैस आली ती दह्याचं मडकं घेऊन. “भावजी, अंगातली उष्णता आहे ही. दह्यावाचून उतरायची नाही. आजच विरजलंय, ताजं आहे.”

शेवटी अस्वल आलं. अस्वलाच्या घरी खोकल्याला मध, पडशाला मध, मोडलेल्या पायालाही मधच.

“वरून मध लावू,” ते म्हणालं. “म्हणजे खालचं सगळं धरून राहील.”

मुलांनो, भेकर एकालाही नाही म्हणालं नाही. म्हणजे म्हणायला तोंड उघडलं होतं, पण म्हैस एवढ्या लांबून मडकं घेऊन आलेली. आणि अस्वलाला तर माशा चावल्या होत्या.

“आता उन्हात खडकावर बस,” जाता जाता मावशींनी बजावलं. “संध्याकाळपर्यंत मुरू दे. धुवायचं नाही.”

भेकर खडकावर जाऊन बसलं. दही, लिंबू, आलं, हळद, मध. ऊन चांगलं तापलं तसा वास सुटला. वारा वाघाच्या गुहेकडे वाहत होता.

वाघ बिचारा जन्मभर अळणीच जेवलेला. त्याच्या घरी फोडणी नाही, वाटण नाही. त्यानं नाक वर केलं आणि त्या वासामागून तो खडकापर्यंत आला. भेकर मान खाजवत होतं. त्याला काही ऐकू आलं नाही. पाहिलं तेव्हा वाघ समोर बसला होता.

“काय लावलंयस?” वाघानं विचारलं.

“दही,” भेकर कसंबसं म्हणालं.

“आणि?”

“आंबेहळद. आलं. लिंबू. वरून मध.”

“मुरायचंय अजून?”

“संध्याकाळपर्यंत म्हणाले.”

“मग थांबू,” वाघ म्हणाला. “घाईनं सगळं बिघडतं.”

दोघेही थांबले. भेकराला उठता येईना, वाघाला बसवेना. शेवटी वाघ म्हणाला, “नुसतं चाखून बघतो,” आणि त्यानं भेकराच्या पाठीवरून जीभ फिरवली.

अस्वलाचं म्हणणं खरं होतं. मधानं खालचं सगळं धरून ठेवलं होतं. खाजकुइलीची लवसुद्धा.

वाघाच्या जिभेचं पुढे काय झालं ते मी सांगत नाही, जेवायच्या वेळी कोणी वाचत असेल. वाघ तोंड मातीत घासत गुहेकडे पळाला आणि भेकर उलट्या दिशेला. उलट्या दिशेला नदी होती. भीतीनं ते गळ्यापर्यंत पाण्यात शिरलं आणि बराच वेळ तिथेच बसलं. बाहेर आलं तेव्हा अंगावर दही नव्हतं, मध नव्हता आणि खाजही नव्हती.

भेकर बरं झालं म्हटल्यावर सगळे पुन्हा आले.

“मधानं ना?” अस्वलानं हळूच विचारलं.

“मधानंच, दादा.”

म्हशीला त्यानं दही सांगितलं. डुकराला हळद सांगितली. मावशींना लिंबू. चौघेही आपापल्या घरी आनंदात गेले. भेकर लेपानं बरं झालं, ही बातमी जंगलभर झाली, आणि जंगलभर झाल्यामुळे ती गुहेतही पोचली.

वाघाचं तोंड एव्हाना भोपळ्याएवढं सुजलं होतं. त्यानं सगळ्यांना बोलावून घेतलं.

“तुमच्याकडे औषधं आहेत म्हणे. सांगा.”

जो तो दुसऱ्याच्या मागे सरकू लागला.

“महाराज, आम्ही अडाणी,” सर्वांत वरच्या फांदीवरून वानरमावशी म्हणाल्या. “जिभेचं दुखणं नाजूक. वैद्यांनाच दाखवावं.”

“वैद्यांनाच,” डुक्कर म्हणालं.

“अंगावर काढू नये,” म्हैस म्हणाली.

“आणि मधही संपलाय,” अस्वल म्हणालं.

घुबडाला आणलं. त्यानं एक डोळा उघडला. “वाहत्या पाण्यात तोंड धरा. घासू नका. काही लावू नका.”

“एवढंच?” वाघ म्हणाला. वाघ झाला तरी तो रोगीच होता. “या भेकराला लेपानं गुण आला, आणि मला नुसतं पाणी? बोल रे, कशानं बरा झालास? लेपानं झाला असशील तर मलाही तोच लेप हवा. वेगळा वाटायची गरज नाही. तुझ्या अंगावरच लावू दे यांना, मी तसाच घेईन.”

सगळे भेकराकडे पाहू लागले.

“सांग की रे भेकरा,” फांदीवरून मावशी म्हणाल्या. “लाजतोस कशाला? आणि लिंबाचं नाव आधी घे.”

भेकरानं मावशींकडे पाहिलं. म्हशीकडे पाहिलं. मग वाघाच्या दातांकडे पाहिलं. तोंड सुजलं होतं, दात नव्हते सुजले.

“पाण्यानं, महाराज,” ते म्हणालं. “लेपानं जास्तच खाजत होतं.”

वाघ नदीवर गेला आणि बराही झाला. घुबड पुन्हा झोपलं.

भेकराच्या घरी मात्र त्या दिवसापासून कोणी येत नाही. अस्वल वाटेत भेटलं तर मान फिरवतं. डुक्कर ओळख देत नाही. ‘आम्ही काय वाईटासाठी दही दिलं होतं?’ असं म्हैस दिसेल त्याला विचारते. भेकराची तब्येत तेव्हापासून उत्तम आहे, पण घरात कुरबुर आहे.

“जरा गोड बोलला असता तर काय बिघडलं असतं?” भेकरी अजून म्हणते.

“वाघानं खाल्लं असतं.”

“ते खरं. पण म्हशीवहिनींना काय वाटलं असेल.”

तात्पर्य : अंगावर पुरळ उठलं तर शेजारी जे जे सांगतील ते ते लावून घ्यावं. बरं कशानं वाटलं हे मात्र वाघानं विचारलं तरच सांगावं.