सुभेदारांचे फुकटे पहारेकरी

"पहारा कसा बसवायचा ते मला शिकवू नका!" असं म्हणून सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला, तेव्हाच घरच्यांनी सावध व्हायला हवं होतं.

सुभेदार हे गल्लीनं दिलेलं नाव. फौजेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. साबणाच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते आणि निवृत्तीनंतर हाताखाली पहारेकरी उरले नसल्यानं बेचैन असत. अशात लेकीनं विषय काढला. ती इमारतींचे आराखडे करायची, ते सगळे घरच्या कंप्युटरवर असत. तेव्हा पैसे भरून एक चांगला अँटिव्हायरस घ्यावा, एवढंच तिचं म्हणणं.

"पैसे कशाला? फुकट मिळतो की!"

"फुकट ते पौष्टिक असं नसतं हो प्रत्येक वेळी," सुभेदारीणबाई म्हणाल्या.

"पगारी माणूस झोपा काढतो! जन्म गेला माझा फाटकावर!"

झालं! एक फुकटा अँटिव्हायरस कामावर रुजू झाला. दुसऱ्याच दिवशी त्यानं पडद्यावर पाटी झळकवली: 'तुमची सुरक्षा अपुरी आहे. पूर्ण संरक्षण आत्ताच विकत घ्या!'

"चहापाणी मागतोय लेकाचा!" सुभेदार कडाडले. कारखान्यात असल्या पहारेकऱ्यावर त्यांचा एक हमखास उपाय असे. त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा नेमायचा! तसा त्यांनी दुसरा फुकटा आणला. त्यानंही हात पसरला. मग दोघांवर तिसरा!

"आता बघा! तिघं एकमेकांवर डोळा ठेवतील. मुंगी शिरायची नाही आत!"

मुंगी शिरली नाही, हे मान्य करायला हवं. पण कंप्युटरही जागचा हलेना. बटण दाबून माणूस आंघोळ करून आला, तरी पडद्यावरचं चक्र आपलं गरगरतच असे. सुभेदारांच्या मते ती कसून झडती होती.

मग एका दुपारी लेक किंचाळली, "बाबा, माझी बालवाडी कुठे गेली?"

बालवाडीचा आराखडा म्हणजे तिचं स्वतःचं पहिलं काम. महिनाभर डोळे फोडून काढलेला. आता थोड्याच वेळात तो बालवाडीच्या बाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवायचा होता. पसंत पडला तर तिचं बस्तान बसणार, नाहीतर पुन्हा दुसऱ्याच्या ऑफिसात दुसऱ्यांचे जिने काढत बसणार.

सगळे कंप्युटरपुढे जमले. पडद्यावर रणकंदन चाललं होतं! पहिल्यानं दुसऱ्याला संशयित ठरवलं होतं. दुसऱ्यानं तिसऱ्याची मुंडी पिरगाळली होती. तिसरा दोघांच्या नावानं बोंब मारत होता. तिघांचं एकमत फक्त एकाच बाबतीत झालं होतं: लेकीची फाइल अनोळखी आहे. ती त्यांनी कोठडीत टाकली होती.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" सुभेदारीणबाई म्हणाल्या.

"तसं नियमाला धरूनच आहे," सुभेदार पुटपुटले. "अनोळखी माल फाटकावर अडवायचाच असतो."

"बाबा, तो माल माझा आहे हो!" लेकीला रडू फुटलं.

आपल्याच माणसांनी आपल्याच पोरीला अडवलं होतं. सुभेदारांनी घाईघाईनं कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंना फोन लावला.

"काका, तीन तीन?" पलीकडून हसू ऐकू आलं. "एक ठेवा, दोन काढा. मग फाइल सोडवता येईल."

काढायला गेले, तर पहिल्यानं विचारलं, 'तुम्ही आम्हाला का सोडत आहात?' सुभेदारांनी चष्मा चढवला.

"कारण द्यायला हवं. सांगितल्याशिवाय कुणाला काढलं नाही मी आजवर."

"बाबा!!"

"हे काय, लिहितोच आहे. वर्तन समाधानकारक, परंतु..."

सुभेदारीणबाईंनी कीबोर्ड हिसकावून घेतला आणि दोघांनाही निरोप दिला. फाइल सुटली! बालवाडीच्या बाईंचा कॉल आला तेव्हा लेक अजून नाक पुसत होती. पण आराखडा उघडला आणि ती बोलायला लागली, ती अशी की सुभेदार दाराआड उभे राहून ऐकतच राहिले. आपल्या पोरीला एवढं येतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. शेवटी बाई म्हणाल्या, "काम तुम्हीच करायचं!"

घरात एकच जल्लोष झाला. सुभेदार मात्र खाली मान घालून लेकीपाशी आले.

"चुकलं माझं. तुझ्या कामाला फुकटचा पहारा नको. पगारी घेऊ. मीच घेतो."

बँकेचं कार्ड काढून ते स्वतः कंप्युटरपुढे बसले. अँटिव्हायरस विकणारा शोधला, पैसे भरायचं पान उघडलं. तोच पडदा लालभडक झाला! मागे उरलेला एकुलता एक फुकटा आडवा आला होता: 'थांबा! हे पान धोकादायक आहे. इथे तुमचे पैसे चोरीला जाऊ शकतात!'

लेक पोट धरून हसत सुटली. सुभेदारांनी चष्मा सारखा करून पाटी पुन्हा वाचली. मग त्यांनी हळूच कार्ड खिशात घातलं आणि बायकोकडे वळून गहिवरल्या आवाजात म्हणाले, "आता सांग, याला कुठल्या तोंडानं काढू?"