पोट हे वेगळं खातं

टिपणीसकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मेलेले होते.

पुण्याहून बदली होऊन मी गाझियाबादेत नुकताच राहायला आलो होतो. वरच्या मजल्यावर मराठी पाटी दिसली, म्हणून विरजण मागायला गेलो. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत चटईवर एक वयस्कर गृहस्थ उताणे पडलेले, चारही हातपाय वर, नजर पंख्यावर. मी "अहो, कुणी आहे का?" म्हणून ओरडलो. त्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ओरडू नका. मी मेलेला किडा आहे. डावा पाय झाला की उठतो."

"विरजण फ्रिजवर ठेवलंय हो," आतून बाईचा आवाज आला. "ह्यांच्यावरून पलीकडे जा आणि घ्या."

मेलेला किडा हा पोटाच्या आतले स्नायू बळकट करण्याचा व्यायाम आहे, हे मला नंतर कळलं. कळलं म्हणजे काय, काकांनी ते मला चहा गार होईपर्यंत सांगितलं. आयुष्यभर केंद्र सरकारच्या फायली उपसून ते निवृत्त झाले होते, त्यामुळे शरीरशास्त्रही त्यांना मंत्रालयासारखंच दिसायचं. "पाठीचा कणा म्हणजे मंत्री. त्याला वाटतं, सगळं आपल्यामुळे उभं आहे. सांभाळतो कोण? भोवतीचा स्टाफ! तो स्टाफ म्हणजे कोअर."

हा कोअर शब्द त्यांच्या तोंडी देवाच्या नावासारखा बसला होता. कुणी भेटलं की नमस्काराऐवजी "कोअर लावलंत का?" वॉचमनला "भैया, कोअर लगाके बैठो." एकदा सोसायटीत कुणाच्या तरी शोकसभेत सगळे माना खाली घालून मौन पाळत होते, तेव्हा काका एका पायावर उभे होते. घरी येताना मी दबक्या आवाजात विचारलं, तर म्हणाले, "एवढा वेळ नुसता उभा राहून काय करू?"

जिमवर त्यांचा राग होता. "यंत्राला व्यायाम, मालकाला फायदा." उताणं पडून पोट आवळत उठणाऱ्यांवर तर दुप्पट राग. "मान ओढतात नुसती! काम एकाचं, सही दुसऱ्याची!" त्यांच्या व्यायामाला चटई, भिंत आणि भाजी पुरायची. भाजी म्हणजे खरोखरची भाजी. दुधी, भोपळा, बटाटे सगळं एकाच पिशवीत भरून ती एकाच हातात धरायची आणि अंगाला जराही बाक न देता ताठ चालत यायचं. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. समतोलासाठी त्यांच्या घरी आठवडाभर भोपळा चालायचा.

मलाही त्यांनी सोडलं नाही. रविवारी सकाळी मी कोपरांवर आणि चवड्यांवर फळीसारखा तोललेला, थरथरतोय, आणि काका बाजूला बसून पेपर वाचतायत. "कंबर खाली येतेय. प्रस्ताव परत पाठवू का?"

गंमत अशी, की एवढं करूनही काकांचं स्वतःचं पोट होतं तिथेच होतं. तळमजल्यावरचे चोपडाजी अंगणात खुर्ची टाकून बसलेले असायचे. ते न चुकता म्हणायचे, "टिपनिस साहब, पेट तो वहीं का वहीं है!"

"पेट अलग विभाग है," काका म्हणायचे आणि जिना चढू लागायचे.

जिनाच, कारण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टचा प्रस्ताव सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला येतो. चोपडाजी उठून विचारतात, "हम ग्राउंड फ्लोर वालों को लिफ्ट का क्या फायदा?" ह्याला उत्तर सापडेपर्यंत समोसे येतात आणि विषय पुढच्या मीटिंगला जातो.

ह्या लिफ्टची सगळ्यात जास्त गरज होती ती काकांच्या बायकोला, मालतीकाकूंना. त्यांचा खुबा गेला होता आणि हृदय नाजूक म्हणून डॉक्टर ऑपरेशनला तयार नव्हते. घरात भिंत धरून फिरायच्या, पण जिना बंद. गणपतीत त्यांचा जीव तुटायचा. आमच्याकडे चार मराठी घरं मिळून पार्कात मंडप घालतात. बाकीची जनता मोदकांसाठी येते आणि इकडेच वाढलेली आमची पोरं आरतीच्या पहिल्या कडव्यानंतर नुसते ओठ हलवतात. अख्खी आरती पाठ असलेल्या एकट्या काकू, आणि आवाज असा की ऐकत राहावं. पण त्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून म्हणायच्या. खालच्या झांजांच्या गोंगाटात ते कुणाला ऐकू जायचं नाही.

मी इथे येण्याआधी एका वर्षी पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं होतं. पहिल्याच वळणावर खुर्ची कलली, काकू किंचाळल्या, आणि खालून कुणीतरी ओरडलं, "संभाल के, सोफे की तरह तिरछा करो!" काकू तिथूनच परत फिरल्या. "मी काय सामान आहे का? आता ह्या घरातून मी एकदाच खाली जाईन," असं त्या म्हणाल्या. काकांनी दुसऱ्या दिवशी चटई विकत आणली. ह्या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याइतकी अक्कल आमच्यात कुणालाच नव्हती.

यंदा पावसाळ्यात काकांनी नवीनच खूळ काढलं. चक्कीवरून गव्हाच्या पिठाचं पोतं पाठीवर घेऊन यायचे. वर नेईपर्यंत ठीक होतं, पण मग तेच पोतं घेऊन ते खाली उतरायला लागले.

"काका, नेलेलं परत का आणताय?"

"चढताना सगळेच शूर असतात," ते धापा टाकत म्हणाले. "खरी परीक्षा उतरताना." चोपडाजींनी माझ्याकडे बघून कानशिलापाशी बोट फिरवलं. मीही हसलो.

चतुर्थीच्या संध्याकाळी मी ताम्हन घेऊन निघालो, तर वरून जिन्यात आवाज आला, "बाजूला व्हा." काका उतरत होते. पाठंगुळीला काकू. जरीची साडी, नथ, डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हात नवऱ्याच्या गळ्याभोवती.

"अहो, पडेन मी."

"नाही पडणार. कोअर लावलंय."

मी उलटा होऊन त्यांच्या पुढे एकेक पायरी उतरू लागलो. तेल घातलेलं यंत्र चालावं तसे काका उतरत होते, पाठ ताठ, पाऊल सपाट. प्रत्येक वळणावर थांबायचे, पण काकूंना खाली ठेवायचे नाहीत. शेवटच्या पायरीवर काकूंनी डोळे उघडले. त्यांनी पार्क पाहिलं, मंडप पाहिला आणि त्या लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. मलाही राहवलं नाही.

चोपडाजी स्वतःच्या खुर्चीवरून उठले आणि ती खुर्ची त्यांनी मूर्तीसमोर नेऊन ठेवली. काकूंनी आरती धरली. दुसरं कडवं आलं, तिसरं आलं, आणि पोरं ओठ हलवायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"भाभीजी इतना अच्छा गाती हैं!" चोपडाजी माझ्या कानाशी म्हणाले. "हमें तो पता ही नहीं था."

काका मंडपात नव्हते. मागे, बांबूला टेकून उभे होते. सदरा घामानं चिकटलेला, आणि पोट आयुष्यात प्रथमच मोकळं सोडलेलं, गोल, बिनधास्त.

मी म्हटलं, "काका, कोअर?"

"थांब रे," त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला. "तिचं होऊ दे. वर न्यायची आहे, तेव्हा लावू."