उठावदार शिक्का

कार्यालयीन वेळेत अंगावर पित्त उठू नये असा स्पष्ट नियम नसल्यामुळे आवकरावांच्या दंडावर ते भर कामकाजात उठले. उभी हयात आवक विभागात अर्ज घेण्यात गेल्यामुळे त्यांना सगळे आवकराव म्हणत, घरीसुद्धा. तर, लाल, फुगीर, खाजऱ्या गाठी. एक खाजवली की शेजारी दुसरी हजर. आवकराव एका हाताने अर्ज घेत होते आणि दुसऱ्याने स्वतःला ओरबाडत होते.

सहकाऱ्यांनी काम बाजूला ठेवून निदान हाती घेतले. रोखपाल म्हणाले, "ढेकूण." टंकलेखिका बाई म्हणाल्या, "साबण बदला." शिपायाने जाणकारासारखी मान हलवली. "माझ्या मेव्हण्याला अस्संच झालं होतं. आज तो आपल्यात नाही."

"अरे देवा! गेला?"

"हो ना. बदली होऊन गेला."

आवकरावांनी डॉक्टरकडे जायला अर्ध्या दिवसाची रजा मागितली. साहेबांनी चष्मा चढवला. "गाठी दाखवा." आवकरावांनी बाही वर केली, तर दंड साफ! पित्ताची जातच तशी, आले तसे जाते. आणि साहेबांसमोर भलेभले टिकत नाहीत, तिथे गाठींचे काय घेऊन बसलात?

"पुरळ नाही, मग रजा कसली?"

"साहेब, खाज आहे हो!"

"खाज सगळ्यांनाच असते. पुरावा कुठे आहे?"

पुरावा नसला तरी तपासणी झाली होती, आणि झालेल्या तपासणीची नोंद राहायलाच हवी. साहेबांनी गोल शिक्का उचलला आणि 'तपासले' असा दंडावरच दणकन हाणला. चहा संपतो न संपतो तोच शिक्का फुगू लागला. कार्यालयाचे नाव, भोवतीचे वर्तुळ, मधले 'तपासले', सगळे लालबुंद, टपोरे, बोटांनी चाचपून वाचावे असे! "अगं बाई!" म्हणून टंकलेखिका बाई खुर्चीवरच चढल्या. साहेबांनी मुकाट्याने रजा दिली.

डॉक्टरांना दंड पाहून आधी हसू आवरेना. "हे अंगावरचं पित्तच. काहींच्या कातडीवर जरा दाब पडला की तेवढीच जागा सुजते. रोज रात्री एक गोळी घ्या. कढत पाणी नको, घट्ट कपडे नकोत, खाजवू नका. ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला तर तडक दवाखाना गाठा. आणि हो, शिक्के मारून घेऊ नका."

आवकराव परतले तेव्हा साहेब दारात उभे! वरिष्ठांच्या स्वागतालाही ते खुर्चीतून अर्धेच उठत.

"गोळी घेतलीत?"

"रात्री घ्यायची आहे."

"शाब्बास! घेऊ नका."

त्याचे असे झाले होते की कार्यालयाचे उठावदार शिक्का मारायचे यंत्र केव्हाच मोडून पडले होते. उठावदार शिक्क्याशिवाय वरचे कार्यालय दाखला स्वीकारत नव्हते, आणि यंत्र दुरुस्त करायचे तर यंत्र मोडल्याचा उठावदार शिक्क्याचा दाखला लागत होता. दाखल्यावाचून अडलेल्या लोकांची रांग जिना उतरून रस्त्यावर गेली होती. आणि इथे तर चालते-बोलते यंत्र, तेही पगारी!

दुसऱ्याच दिवशी कामाला तोंड लागले. शिक्का दंडावर मारायचा, सुजला की त्याला शाई लावायची आणि वर दाखला दाबायचा. "साहेब, उलटं उमटतंय," आवकराव कळवळून म्हणाले. "उमटू द्या. सुलटं होतं तेव्हा तरी कोण वाचत होतं?" वरच्या कार्यालयाकडून अभिनंदनाचे पत्र आले. यंत्राची देखभालही सुरू झाली: सकाळी कढत पाण्याचा शेक, दुपारी घट्ट बाही. डॉक्टरांच्या सल्ल्याचे इतके काटेकोर पालन कोणत्याच रोग्याने केले नसेल. दिशा तेवढी उलटी होती.

मग दंडाची जड वस्तू संग्रहाच्या वहीत, म्हणजे टेबल-खुर्च्यांच्या यादीत, रीतसर नोंद झाली. संध्याकाळी पहारेकऱ्याने आवकरावांना फाटकात अडवले. "दंड कुठे नेताय?"

"घरी. अहो, माझाच आहे!"

"गेटपास?"

शेवटी बायकोला बोलावून घ्यावे लागले. 'दंड चालू स्थितीत मिळाला' अशी सही तिने दात-ओठ खात केली. "आणि बाकीचा नवरा?"

"तो ठेवा तुम्ही. त्याची नोंद नाही."

घरी दोघांच्याही डोळ्याला डोळा लागेना. तो खाजवी, ती गार पाण्याच्या घड्या ठेवी. एक गोळी घेतली की सुटका, आणि तीच घ्यायची चोरी! आवकरावांना रडू येई, रागही येई. पण संतापाने अंग तापले की गाठी आणखी टपोऱ्या उठत. मग साहेब खूश होऊन पाठ थोपटत, आणि पाठीवर साहेबांचा पंजा उठे.

एक दिवस बायकोच्या सहनशक्तीचा कडेलोट झाला. एका हातात गोळी, दुसऱ्यात पाण्याचा पेला घेऊन ती ऐन गर्दीच्या वेळी खिडकीपाशी उभी राहिली. "घ्या. आत्ता, माझ्यासमोर!"

"बाई, कार्यालयीन मालमत्तेची नासधूस होतेय!" साहेब किंचाळले.

"मालमत्ता दंडापुरतीच ना? मी गोळी तोंडात घालतेय. तोंडाची नोंद दाखवा!"

साहेबांनी नियम चाळले, घाम पुसला, आणि मग रांगेकडे पाहून गोड हसले. "माझी काही हरकत नाही. जनतेला विचारा."

रांगेला पाझर फुटला. "बिचारे! किती सोसलं हो!" पहिल्या बाई म्हणाल्या. "घ्या गोळी, घ्या. फक्त माझा तेवढा शिक्का होऊ द्या, मुलीचा प्रवेश अडलाय." त्यांच्या मागचा शिंपी खवळला, "माणुसकी आहे की नाही? माझ्यानंतर लगेच घेऊ द्या त्यांना!" एका आजोबांनी काठी आपटली. "आपण यांच्यासाठी मोर्चा काढू. दाखले हातात पडले, की लगेच!"

बायको एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने दिलेली गोळी आवकरावांच्या तळहातावर घामाने विरघळू लागली.

रांगेच्या शेवटी तुम्ही होता. नाही म्हणू नका, तुमचाही दाखला अडलेलाच होता. पण तुम्ही वाचणारी, विचार करणारी माणसे. तुम्ही डोळे पुसलेत आणि गरजलात, "लाज वाटायला हवी सगळ्यांना! एका माणसाचे हाल चाललेत आणि तुम्हाला शिक्क्याची पडलीय?" सगळे खाली बघू लागले. साहेबसुद्धा. आवकरावांनी कृतज्ञतेने हात जोडले आणि गोळी ओठांपर्यंत नेली.

तेव्हा तुम्ही घसा खाकरलात. "काय हो, गोळीचा गुण यायला थोडा वेळ लागत असेल ना? मग तेवढ्यात माझा एक बसेल."