दौलत फायरमनचा घाट

आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी कुकरची शिट्टी झाली की दौलत फायरमन त्या घराच्या दारात हजर व्हायचा. जेवायला नव्हे, वाफ ऐकायला.

"लाईन क्लिअर हाये का?" असं विचारायचा आणि उत्तर मिळायच्या आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेला असायचा. मान तिरकी करून पुढची शिट्टी ऐकायची आणि निकाल द्यायचा. "वाफ ओली हाये. पाणी जास्त झालं." किंवा, "रबर गेलं तुमचं. वाफ बाजूनं पळून राहिली." कुकर उघडल्यावर तो म्हणाला तसंच निघायचं. लोकांना राग यायचा तो त्याचाच. चार वेळा खोटा ठरला असता तर कुणी चहा तरी पाजला असता.

समोरच्या घरी नवी सून आली. पहिल्याच दिवशी हा तिच्या मागं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गॅस बारीक कर वं पोरी, बॉयलर फुटन." ती पळी टाकून पळाली ती थेट संडासात जाऊन कडी लावून बसली. तिच्या सासूनं मग दोन महिने त्याला त्या बाजूला फिरकू दिलं नाही. तो आपल्या ओट्यावर बसून ऐकायचा आणि तिथूनच ओरडून सांगायचा. गल्लीभर कळायचं त्यांची डाळ शिजली की नाही ते.

नागपूरला मोतीबागेच्या मागं आमची घरं, भिंतीला भिंत लागून. माझा नवरा रेल्वेच्या वर्कशॉपात होता, तो गेला. दौलतची बायको शांता, तीही गेली. माझा मुलगा वाडीला गोदामात कामाला आहे, तिकडंच राहतो. दौलतची मुलगी सुषमा मिहानमध्ये नोकरी करते, सासर तिकडंच, रविवारी येते. उरलेले सहा दिवस त्याच्या घरातलं मला भिंतीतून ऐकू येतं आणि माझ्या घरातलं त्याला. लोक याला शेजार म्हणतात. चाळीस वर्षांनंतर मी त्याला खोकला म्हणते. जात नाही, पण त्यानं मरतही नाही.

दौलत छोट्या लाईनवर फायरमन होता. सातपुड्यात चढणाऱ्या वाफेच्या गाडीत, भट्टीत बेलच्यानं कोळसा टाकायचा. बावीस वर्षं टाकला. ड्रायव्हर व्हायचं राहिलं. वाफेची इंजिनं बंद झाली आणि त्याला स्टोअरमध्ये खिळे मोजायला बसवलं. पण भट्टी अंगातून गेली नाही. जेवताना भात ताटभर पातळ पसरायचा आणि मग खायचा. "ढिगारा केला की आग मरते," म्हणायचा. सुषमाच्या लग्नात विहारात वंदना सुरू झाली तरी मुलीचा बाप सापडेना. बाप नव्या कोटासकट आचाऱ्याच्या भट्टीत लाकडं सारत बसला होता. भात करपला. वऱ्हाडी चिडले. दौलत एवढंच म्हणाला, "चढाव होता."

संध्याकाळी गल्लीतली पोरं त्याच्या ओट्यावर जमायची आणि तो त्यांना घाट सांगायचा. डाव्या हाताला दरी, तिच्या तळाला नदी, कुणाची चांदीची साखळी पडून राहावी तशी. उजव्या हाताला सागाचं रान, पानं गळाली की डोंगराच्या फासळ्या दिसतात. एका वळणावर धबधबा इतका जवळ की तुषार इंजिनावर पडतात आणि चर्र आवाज होतो. मी भिंतीपलीकडं भाकरी थापत ऐकायची. चांगलं सांगायचा. वरणाला कढण म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी हे शब्द कुठून येतात, असं वाटायचं.

मागच्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. डावा डोळा गेला आहे, उजवा जातो आहे, थेंबांनी थोडा वेळ मिळेल, गेलेलं परत येणार नाही. डोळ्यातलं प्रेशर वाढलं आहे, असंही म्हणाला. सुषमा रडायला लागली. दौलतनं डॉक्टरला विचारलं, "मंग यावर सेफ्टी वॉल्व्ह नाही ठेवला का कोणी?"

त्या संध्याकाळी तो माझ्या दारात आला. लाईन क्लिअर विचारलं नाही.

"कौसल्या, मले एकदा घाट पाहाचा हाये. डोळा हाये तोवर."

"बावीस वर्षं काय डोळे मिटून गेला होता गा?"

"डोळे भट्टीत होते न."

मग त्यानं सांगितलं. चढावावर फायरमनला मान वर करायची सवड नसते. भट्टीचं दार उघडायचं, कोळसा टाकायचा, दार लावायचं, वाफेचा काटा पाहायचा, पुन्हा दार उघडायचं. आणि आगीतून डोळे वर केले तरी घटकाभर सगळं काळंच दिसतं. उतार लागला की राख काढायची. बावीस वर्षं तो घाटातून गेला आणि घाट त्यानं पाहिला नाही.

"मंग पोराईले सांगते ते काय?"

"ते रहीमभाईचं. माझा ड्रायव्हर. तो बाहेर पाहे अन् मले सांगत राहे. मी टाकत राहो अन् ऐकत राहो."

रहीमभाई मरूनही आता पुष्कळ वर्षं झाली. मी तव्यावरची भाकरी उलटली.

सुषमा म्हणाली, "बाबा, शनिवारी गाडी काढते. पचमढीला जाऊ, नाहीतर चिखलदऱ्याला." दोन्ही जवळ. सकाळी निघालं तर दुपारी डोंगर समोर. दौलत नाही म्हणाला. मोटारीतून घाट पाहायचा नाही. घाट वाफेवर पाहायचा. त्याची छोटी लाईन तर केव्हाच उखडली. शेवटी सुषमानंच शोधून काढलं, दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरात शंभर वर्षांपूर्वीची वाफेची गाडी अजून चालते. पहिल्यांदा तिकिटं मिळाली नाहीत. मग मिळाली तर पावसात दरड पडून गाडी बंद. मग सुषमाला रजा नाही.

"हट्ट सोड दौलत," मी म्हटलं. "डोळा काही तुझ्यासाठी स्टेशनवर थांबून नाही राहणार."

"उजव्यात हाये अजून दम," तो म्हणाला.

असे दहा महिने गेले. चूक त्याची आहे. दुसऱ्या कुणाची नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे.

सुषमा मला म्हणाली, "मावशी, तुम्ही पण चला. बाबा माझं ऐकत नाहीत."

"माझंही ऐकत नाही."

"पण तुम्हाला घाबरतात."

म्हणून मी गेले. दोन दिवस रेल्वेत अंग आंबवून पायथ्याच्या गावी पोचलो. सकाळी गाडीपाशी गेलो तर इंजिन मागच्या टोकाला. तिथं इंजिन गाडीला ओढत नाही, मागून ढकलतं. दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी असते, तिच्यात चाकाचे दात अडकवून गाडी चढते. हे सुषमानं त्याला समजावून सांगितलं.

"दातानं चढते?" दौलत म्हणाला. "आमची पायानं चढे."

आम्ही शेवटच्या डब्यात बसलो, इंजिनाला लागून. खिडकी दौलतला, शेजारी मी. सुषमाला जागा दोन बाकं पुढं मिळाली. गाडी हलली तसं दौलतनं नाक वर केलं.

"कोळसा नाही."

"काहून?"

"वास नाही. तेलावर हाये. स्टोव्ह हाये वं हा." पुढची पंधरा मिनिटं तो तोंड पाडून बसला.

चढ लागला. डब्यातली सगळी माणसं खिडक्यांना चिकटली. दौलत खिडकीकडं पाठ करून मागच्या फळीला कान लावून बसला.

"बाहेर पाहा न गा. कशासाठी आलो आपण?"

"थांब. तिचा दम फुलून राहिला."

एक पूल गेला. एक दरी गेली. मी पुन्हा म्हटलं. "थांब वं, जरा सरळ लागू दे, मंग पाहतो." त्याचा उजवा हात आपोआप मागंपुढं व्हायला लागला, कोळसा टाकल्यासारखा. पलीकडच्या बाईच्या डब्याला कोपर लागून इडल्या खाली सांडल्या. ती तिच्या भाषेत पुष्कळ बोलली. मला एक शब्द कळला नाही, पण तिचं बरोबर होतं. याला पत्ताच नव्हता.

मधल्या एका स्टेशनवर इंजिन पाणी प्यायला थांबलं. दौलत माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरला. इंजिनापाशी गेला आणि म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा तळहात लोखंडावर ठेवला. चटका बसला. हात काढून घेतला आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "फायरमन काय करून राहिला?"

फायरमन आमच्यापासून दहा हातांवर होता. मला नवल वाटलं, पण सांगितलं. "दाराले टेकून उभा हाये. डोंगर पाहून राहिला."

"अन् आग?"

"एक छोटं चाक हाये. मघा फिरवलं त्यानं. आता डोंगर पाहून राहिला."

दौलतनं चटका बसलेला हात सदऱ्याला पुसला. मला वाटलं, आता शिव्या देतो. तो म्हणाला, "पाहू दे साल्याले."

गाडी पुन्हा निघाली आणि तो आपण होऊन खिडकीकडं वळला. गजाला कपाळ लावून बसला. आता खरा घाट आला होता. डाव्या बाजूला जमीन संपलेली, खाली रान, समोर डोंगरांच्या रांगा. लोक उभे राहिले, मोबाईल काढले, पोरं बाकांवर चढली.

"लयच धुकं पडलं वं," दौलत म्हणाला.

बाहेर लख्ख ऊन होतं. त्याच्या नाकावर होतं, गुडघ्यावर होतं. मी त्याच्या डोळ्याकडं पाहिलं. सताड उघडा होता.

कुणाला बरं वाटावं म्हणून बोलायची सवय मला नाही. शांता अंथरुणाला खिळली तेव्हाही मी तिला 'आज बरी दिसतेस' असं म्हटलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "लय धुकं हाये."

त्यानं डब्यातल्या गलक्याकडं कान दिला. मग म्हणाला, "अन् हे लोक फोटो कायचे काढून राहिले?"

"धुक्याचे. लोकाईले काय, कायचेबी काढते."

तो हसला, आवाज न करता. "रहीमभाई असंच सांगे. मागच्या डब्यातले लोक घाट पाहून ओरडून राहिले, ऊन माझ्या हातावर येऊन राहिलं, बेलचा चमकून राहिला, अन् तो म्हणे, दौलत, आज काही नाही पाहण्यासारखं, धुकं हाये, तू टाक. मी काही बोललो नाही कधी त्याले."

गाडी एका वळणावर कण्हत गेली.

"दसऱ्यापासून सावल्याच दिसते," तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं. "सुषमाले सांगू नको. पोरीनं लय खटपट केली."

गल्लीत तो सगळं कानानंच करायचा. म्हणून आम्हा कुणाला कळलं नाही. मी रोज दोनदा त्याच्या डोळ्यात औषध घालत होते, मलाही कळलं नाही.

"सरक," तो म्हणाला. "तू बस खिडकीपाशी. अन् सांग."

आम्ही जागा बदलल्या. मी बाहेर पाहिलं. असं काही सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

"डोंगर हाये," मी म्हटलं. "त्याच्या मागं डोंगर. त्याच्या मागं अजून."

"कसे?"

"पहिले हिरवे. मागचे निळे. त्याच्या मागचे भांड्याच्या बुडासारखे."

"खाली?"

"खोल हाये. पडलं तर हाडकं नाही सापडाचे."

"अजून?"

"कड्यावरून पाणी पडून राहिलं. बारीक. आपल्या गल्लीच्या नळाले येते तेवढं. चहाचे मळे हाये. नवी कटिंग केलेल्या डोक्यासारखे."

"रहीमभाई बरं सांगे," तो म्हणाला.

"मंग रहीमभाईले आणाचं होतं."

"सांग, सांग. थांबू नको."

मी सांगत राहिले. झाडं, माकडं, पूल, एक पडकं घर, त्याच्या दारात वाळत घातलेलं लुगडं. माझा घसा सुकला. तो मांडीवर हात ठेवून मान खाली घालून ऐकत होता, जसा बावीस वर्षं ऐकत आला असेल.

कुन्नूरला वाफेचं इंजिन काढतात. पुढं उटीपर्यंत डिझेल. दौलतनं नागपुरातच सांगून ठेवलं होतं, डिझेल लागलं की आपण उतरायचं. गाडी थांबली. सुषमा बॅग ओढत आमच्या बाकापाशी आली. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग बापाकडं.

"बाबा, दिसलं का हो?"

"सारं दिसलं," दौलत म्हणाला. "पहिले हिरवे, मंग निळे, अन् लय मागं ते भांड्याच्या बुडासारखे. अन् ते चहाचे मळे पाहिले न तू, कटिंग केल्यासारखे? पाणी मात्र कमी होतं. नळाएवढं."

"हो, बारीकच होतं," सुषमा म्हणाली. तिचा सगळा चेहरा सैल झाला. "मला भीती वाटत होती, उशीर झाला म्हणून."

"छ्या. टाईमावर आलो."

ती बाकाखालची दुसरी बॅग काढायला वाकली. दौलत उठला आणि दाराचा दांडा शोधायला लागला. त्याचा हात एकदा हवेतून गेला, दुसऱ्यांदाही गेला.

मी उभी राहिले. "दौलत, गुडघे धरले गा माझे. हात दे."

माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. त्यानं माझा कोपर घट्ट पकडला.

"बाबा, मावशींना नीट उतरवा," सुषमा मागून म्हणाली.

"उतरवतो न. तू बॅगा पाहा." आम्ही दारात आलो. तो थांबला, पायानं कड चाचपली आणि सुषमाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "फट मोठी हाये, कौसल्या. लांब पाय टाक."

फट नव्हती. मी लांब पाय टाकला.